मळ्यातलं ईडलिंबू

आज सुनेनं ईडलिंबू चिरलं आणि त्या आंबट वासानं मी मोर्शीच्या मळ्यात जाऊन पोचले. कापसाला सोन्याचा भाव आलेलं ते साल. सासरे ईडलिंबाचं झाड तोडून तिथंही सरकी लावायला निघाले होते. मी नवी सून, विहिरीवर पाणी शेंदत होते.

सासूबाई त्यांच्यापुढं कधी बोलत नसत. त्या दिवशी झाडापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हे राहू द्या."

"कावून?" सासऱ्यांनी विचारलं.

"सुनेच्या पोटात काई ठरत नाई. वरणात हे पिळलं तरच दोन घास खाते."

सासऱ्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

मला दिवस गेल्याचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हा लाजेनं मान वर होईना. आता वाटतं, त्या परक्या घरात माझे घास मोजणारं कुणीतरी होतं.