दुलेश्वरीच्या नावाची चिठ्ठी

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा या गोष्टीच्या आसपास आले की मी लगबगीनं दुसरंच काही मागायला लागते. पण गेल्या महिन्यात असं काही झालं की माझी मलाच भीती वाटली. खरंच वाटली. एवढी वर्षं मी स्वतःला जी बाई समजत होते ती मी नाहीच — असं एखाद्या दिवशी भर बाजारात कळलं तर माणसानं काय करावं?

थांबा. नीट सांगते.

मी रायपुरात प्राथमिक शाळेत शिकवते. गुढियारीच्या बाजूला आमची छोटी शाळा आहे, पाचवीपर्यंत. माझे वडील रेल्वेत होते, गोंदियाकडून बदली होऊन इथे आले आणि मग इथलेच झाले. घरात आमची वऱ्हाडी, शाळेत हिंदी, आणि पोरं आपसात छत्तीसगढी. पोरांचे बाप बहुतेक मालधक्क्यावर हमाल, नाहीतर रिक्षावाले. तिसरीचा वर्ग माझा. चांगली मास्तरीण आहे मी — असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. बाहेर नाही, मनात.

मग कोरोनात शाळा बंद झाली. पहिले काही आठवडे कोणालाच काही सुचलं नाही. नंतर बड्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, प्रत्येक वर्गाचा फोनवर ग्रुप काढायला लावला. मला त्यात एक कल्पना सुचली. दर शनिवारी मी एका कोऱ्या कागदावर वर्गाच्या बातम्या लिहायची आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकायची. ‘शनिवार की खबर’ असं वर लाल पेनानं. कोणाच्या घरी बकरीला पिल्लं झाली, कोणी सेमीचा, म्हणजे वालाचा, वेल लावला, कोणाचा पुढचा दात पडला. कोणी पाढे पाठ करून पाठवले. पोरं वेडी झाली हो! आपलं नाव छापून आल्यासारखं वाटायचं त्यांना. दुसऱ्या शाळांच्या मॅडम मला फोन करून विचारायच्या, तुम्ही कसं करता?

ते मला फार आवडायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

पुढे पुढे पोरं गळायला लागली. फोन बापाजवळ, बाप बाहेर. कुठे रिचार्ज संपला. कुठे घरात आजारपण. अभ्यास पाठवणारी पोरं वीसवरून दहावर आली, दहावरून चारवर. एका शनिवारी मी बातम्या टाकल्या तर उलट एक शब्द आला नाही कोणाचा. बड्या मॅडमचा फोन आला — “कुछ ऐसा डालिए कि बच्चे जागें.” त्या रागावल्या नव्हत्या. पण मला ते लागलं. माझा कागद मरत होता ना!

वर्गात एक पोट्टी होती, दुलेश्वरी. आठ वर्षांची. बारीक, दोन वेण्या, बोलायला लागली की तिचा एक पाय आपोआप दुसऱ्या पायावर चढायचा. तिचा बाप मनहरण मालधक्क्यावर गोणी उचलायचा. मोठा दांडगा माणूस. त्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणाचं लग्न असो की मयत, जड उचलायचं असेल तर त्यालाच हाक मारायचे. घरी फोन नव्हता, शेजारच्या दीदीच्या फोनवरून ही पोरगी मला तिच्या आवाजात धडा वाचून पाठवायची. एकदा धडा संपल्यावर तिनं रेकॉर्डिंग बंद केलं नाही. जरा वेळ नुसता श्वास. मग हळूच म्हणाली, “मैडम, बाबू रोथे.” बाबा रडतात. धक्का बंद आहे, काम नाही, बाबा भिंतीकडे तोंड करून बसतात आणि रडतात. आई म्हणते कोणाला सांगू नको.

तिनं मला सांगितलं. फक्त मला.

मी काय केलं त्यावर? ‘रोज अभ्यास कर, सब ठीक होगा’ असा उलट निरोप पाठवला. आणि तिची ती गोष्ट — कशी सांगू — मी बाजूला ठेवून दिली. उपयोगी पडेल अशी वस्तू ठेवतो तशी.

बड्या मॅडमचा फोन आला त्याच शुक्रवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर बसले. नवरा आतल्या खोलीत नवा रायपुरातल्या त्याच्या ऑफिसची मीटिंग करत होता. मी वहीतलं एक रेघांचं पान फाडलं, शिसपेन्सिल घेतली. आणि डाव्या हातानं लिहायला लागले. अक्षर लहान पोराचं वाटावं म्हणून. मुद्दाम दोन चुका घातल्या. एक वेलांटी उलटी काढली. लिहिताना जीभ बाहेर काढून बसले होते मी, पोरं बसतात तशी.

चिठ्ठी दुलेश्वरीच्या नावानं होती. ‘प्यारे दोस्तो, मेरे बाबू का काम बंद है। बाबू रोज दीवार की तरफ मुँह करके रोते हैं। मैं पढ़ती हूँ तो वो चुप हो जाते हैं। इसलिए मैं रोज पढ़ती हूँ। तुम भी पढ़ो।’

एवढंच. शनिवारच्या बातम्यांत मी ती चिठ्ठी सगळ्यात वर चिकटवली.

तेव्हा मला काही टोचलं का? खरं सांगू? नाही. मला रडू आलं होतं, आणि तेही आपण किती सुंदर लिहिलं म्हणून.

सोमवारी फोन थांबेना. ज्या पोरांचा दोन-दोन महिने पत्ता नव्हता त्यांच्या वह्यांचे फोटो यायला लागले. आया रडक्या आवाजात बोलत होत्या. बड्या मॅडम म्हणाल्या, ये हुई ना बात. कोणीतरी ती चिठ्ठी ग्रुपबाहेर पाठवली. मग दुसऱ्या शाळांत गेली, मग पाऱ्यातल्या लोकांच्या फोनवर. त्याच आठवड्यात मालधक्का थोडा थोडा सुरू झाला होता. आणि तिथे, गोण्यांच्या थप्पीवर बसून, एकानं ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. मनहरण तिथेच उभा होता.

तो माणूस लिहायला-वाचायला शिकलेला नाही. आपल्याबद्दल काय लिहिलंय हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं. हमाल हसले. त्याच दिवशी त्याला ‘रोंदू’, म्हणजे रडका, असं नाव पडलं.

बुधवारी बड्या मॅडमनी मला शाळेत बोलावलं. मी तोंडाला मास्क बांधून गेले. व्हरांड्यात मनहरण उभा होता, दुलेश्वरीचं मनगट धरून. ओढत आणली असावी, तिच्या एका पायात चप्पल नव्हती. मला पाहून त्यानं आधी नमस्कार केला. त्या अवस्थेतसुद्धा! मग खिशातून फोटोची छापून आणलेली प्रत काढली आणि विचारलं, “मैडम, ए चिट्ठी मोर नोनी लिखे हे का?” माझ्या पोरीनं लिहिली का — बस, एवढंच विचारायला आला होता.

मी बोलायच्या आत दुलेश्वरी म्हणाली, “मैं नइ लिखे हँव.”

मी नाही लिहिली — स्पष्ट म्हणाली. रडत नव्हती. आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही कधी शिकवलं असेल तर ती नजर तुम्हाला माहीत असेल. उत्तर बरोबर आहे याची पोराला खात्री असते, आता मॅडम ‘शाब्बास’ म्हणतील म्हणून ते थांबलेलं असतं. तशी ती थांबली होती.

बड्या मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मला एकच वाक्य बोलायचं होतं. चिठ्ठी मी लिहिली. काय झालं असतं? रागावल्या असत्या. चार ठिकाणी बोभाटा झाला असता. नोकरी तरी गेली नसती. हा हिशेब मी नंतर पुष्कळदा केला. तिथे मात्र माझ्या तोंडून निघालं — “बच्ची है. डर रही है.”

मग मनहरणनं पुन्हा विचारलं, तर मी म्हणाले, “बात तो इसी ने बताई थी.”

हे खरं होतं ना? बघा कशी निवडून खरी गोष्ट काढली मी. दुलेश्वरीचा चेहरा तेव्हा बदलला. तिला आठवलं असणार — हो, आपण सांगितलं होतं. आणि ती एकदम गप्प झाली. त्या गप्प होण्याचा अर्थ सगळ्यांनी एकच काढला.

मनहरणनं तिचं मनगट सोडलं. मारलं नाही. मारेल असं मला वाटलं होतं, आणि मारलं असतं तर मी मधे पडले असते, केवढी चांगली दिसले असते! तो नुसता म्हणाला, “मैडम झूठ थोरे बोलही.” मॅडम थोडीच खोटं बोलतील. मग पोरीला म्हणाला, पाया पड, माफी माग. मॅडमला खोटं पाडत होतीस.

ती वाकली. माझ्या पायांना तिनं हात लावला आणि म्हणाली, “गलती हो गे मैडम.”

मी काय केलं असेल? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “खुश रहो” म्हणाले.

लिहितानाही मला पटत नाही की हे मी केलं. पण केलं. हात माझाच होता.

घरी आले तर नवऱ्यानं विचारलं, “काहून अशी बसली? काय झालं?”

“काही नाही. डोकं दुखून राहिलं.”

त्यानं चहा करून दिला. सांगायची तीही एक वेळ होती.

शाळा उघडली तेव्हा छोटा समारंभ झाला. कठीण काळात मुलांचा उत्साह टिकवला म्हणून माझा सत्कार केला, शाल दिली. दुलेश्वरी पोरांच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. पुढे ती आणखी दोन वर्षं आमच्या शाळेत होती. अभ्यास करायची. पण स्वतःहून कधी हात वर केला नाही, आणि विचारलं तर आधी माझ्या तोंडाकडे बघून मग उत्तर द्यायची. पाचवी झाली, दुसऱ्या शाळेत गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. असंही मी मनात म्हटलं की पोरं विसरतात.

गेल्या महिन्यात मी पंडरीच्या कापडबाजारात गेले होते, पुतणीच्या लग्नाचं कापड घ्यायला. दुकानात मागून कोणीतरी “मैडम!” म्हणालं. वळून पाहते तर उंच झालेली, ओढणी घेतलेली मुलगी. आधी पाया पडली. मग मला ओळख पटली. पलीकडे तिची आई गादीवर बसून कापड चाचपून बघत होती.

आम्ही इकडचं तिकडचं बोललो. आठवीत आहे म्हणाली. बाबा कसे आहेत, विचारलं मी. कशाला विचारलं? ती म्हणाली, बाबूंनी तेव्हाच धक्का सोडला. आता दूर एका गोदामावर जातात, तिथे त्यांना कोणी ओळखत नाही. “मुझसे ज़्यादा बात नहीं करते,” म्हणाली. तक्रार करावी तसं नाही, घरची एक रीत सांगावी तसं.

मग म्हणाली, “मैडम, एक बात पूछूँ? बुरा मत मानना. मुझे वो चिट्ठी लिखना याद नहीं आता. बहुत सोचती हूँ. सब कहते हैं मैंने लिखी, तो लिखी ही होगी. पर याद क्यों नहीं आता?” आणि अगदी हळू — “मैंने ही लिखी थी ना?”

दुकानातला गलबला चालूच होता, दुकानदार गज लावून कापड मोजत होता. आणि माझ्यासमोर एक मुलगी उभी होती जिची स्वतःची आठवण मी काढून घेतली होती. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी काय केलं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी एक खोटं बोलले. आणि तिनं ते खोटं घरी नेऊन, खरं मानून, त्याच्यासोबत दिवस काढले होते.

तिला काहीच नको होतं माझ्याकडून. एक शब्द. ‘नाही’ एवढाच. तिथे बड्या मॅडम नव्हत्या. नोकरीचा प्रश्न नव्हता. कोणी ऐकत नव्हतं. घाबरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी म्हणाले, “हव बेटा. तूने ही लिखी थी. छोटी थी ना, भूल गई.”

तिनं मान हलवली. म्हणाली, “तो फिर बाबू की नाराज़गी ठीक है.” आईनं हाक मारली तशी ती गेली.

चिठ्ठी मी लिहिली होती. तिनं एक अक्षर लिहिलं नव्हतं. हे तिला माहीत नाही.