सुंदरम्माचा ‘का’चा तास

सुंदरम्माने एकतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात माग चालवला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या शेडमध्ये चाळीस माग एकदम खडखडायला लागले की शेजारणीच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी काही कळायचं नाही. पण म्हणून बायका गप्प बसतील होय? त्या चेहऱ्याने बोलायच्या. गाल आत ओढले की समजायचं, मुकादम आला. खालचा ओठ पुढे काढला की कुणाची तरी सून रुसली. सुंदरम्मा तर नुसत्या भुवया आणि मान हलवून अख्खं लग्न, जेवणातल्या उणिवांसकट, चार माग पलीकडच्या बाईला सांगायची.

कारखाना बंद पडला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत मावशी म्हणून लागली. झाडलोट करायची, डबे उघडून द्यायचे, नाकं पुसायची. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने एकाच्या डब्यातली दोडक्याची भाजी बघून तोंड वाकडं केलं, आणि सगळी पोरं आपापले डबे घेऊन तिच्याभोवती जमली. प्रत्येकाला आपल्या भाजीवर मावशीचं तोंड बघायचं होतं.

वर्गावर होत्या संस्कृती मॅडम. वय सव्वीस, गाव मोडनिंब, उत्साह भरपूर. भावना शिकवायला त्यांनी गोल पिवळ्या चेहऱ्यांची कार्डं रंगवली होती. आनंद, दुःख, राग, भीती. त्यात आठ वर्षांची अरिबा सगळ्यांत तरबेज. कार्ड वर करायचा अवकाश, तिची खूण करून झालेली असायची.

एके दिवशी सुंदरम्माची दाढ ठणकायला लागली. गाल दाबून, दात आवळून ती पायरीवर बसली. अरिबाने तिला नीट निरखलं, वर्गात धावत गेली, आनंदाचं कार्ड आणून तिच्या मांडीवर ठेवलं आणि मावशीच्या सुखात सामील व्हावं म्हणून शेजारी बसून स्वतःही हसली.

मॅडम ओशाळल्या. “कार्डावर तर सगळं ओळखते हो ती.”

“दात तर दिसत होते की माजे, पोरीचं काय चुकलं?” सुंदरम्माने ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. “पण म्याडम, ह्यो का हसतोय?”

“का म्हणजे? त्याला आनंद झालाय.”

“कशाचा?”

मॅडमनीही कार्ड हातात घेऊन पाहिलं. कार्डातल्या गोल तोंडाला झालं होतं काय, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

“माजी नात हाय हिच्याएवढी,” सुंदरम्मा म्हणाली. “सुनेशी माजं वाजलं की ती दाराआड उभी राहून सगळं ऐकती. आजी का चिडली, आई का रडली, सगळं ठाव असतंय तिला. ह्या लेकरांना दाराआडचं कोण सांगणार?”

मग तिनेच सांगायला सुरुवात केली. शिपाई का फुगलाय? त्याची सायकल कुणीतरी विचारल्याशिवाय नेली. क्लार्कबाई रडत होत्या, पण दुःख नव्हे. मुलगी पास झाली. मुख्याध्यापक फोनवर गोड हसतायत, पण पोटात राग हाय, कारण पलीकडे साहेब हाय. हे सगळं हातांनी, डोळ्यांनी आणि कारखान्यातल्या त्या चेहऱ्याने. पोरं डोळे फाडून बघत. अरिबा तर दिवसभर सगळ्यांच्या मागे हिंडून एकच खूण करायला लागली: का?

“मावशी, ह्या कुचाळक्या झाल्या,” मॅडमनी समजावलं.

“व्हय की,” सुंदरम्माने लगेच कबूल केलं.

पंधरा दिवसांनी अरिबाची आई रुक्साना तणतणत शाळेत आली. “मावशी, काय शिकवलं हो तुम्ही हिला?”

झालं होतं असं. सांगोल्याहून रुक्सानाची नणंद, म्हणजे अरिबाची फुपी, आली होती. दोन दिवसांची म्हणून आलेली, पाचव्या दिवशी म्हणाली, “अजून दोन दिवस राहू का?” रुक्साना हसून म्हणाली, “राहा की.” अरिबा उठली. आईच्या हसण्याकडे बोट दाखवून तिने नाही म्हणून मान हलवली. आईच्या छातीवर टिचकी मारून रागाची खूण केली. मग का तेही सांगायला हवं, म्हणून आतून मिठाची बरणी आणली आणि फुपीपुढे नेऊन ठेवली. आदल्या दिवशी फुपीने कालवण चाखून, अळणी म्हणून तोंड वाकडं केलं होतं आणि ताट सरकवलं होतं. नणंदेला खुणांची भाषा येत नव्हती, पण बरणी समजली. दुपारच्या एसटीने ती गेली.

“खोटं होतं का पण?” सुंदरम्माने विचारलं.

रुक्सानाला हसू फुटलं. ते आवरेना, तेव्हा ती बाकावर बसली. मग डोळे पुसत म्हणाली, “आठ वर्षं मी हिला ये, जा, जेव, झोप, एवढंच सांगत आले. मी कधी भांडी आपटली की ही कोपऱ्यात जाऊन बसायची. काल विचारलं मी हिला. हिला वाटायचं, सगळा राग हिच्यावरच आहे.”

सुंदरम्माने रुक्सानाला पाणी दिलं.

त्या आठवड्यापासून वेळापत्रकात रोज अर्धा तास सुंदरम्माचा लागला. पोरं त्याला ‘का’चा तास म्हणतात. शनिवारी रुक्सानाही येऊन मागच्या बाकावर बसते. तिच्या खुणा अजून अडखळतात, अरिबा तिची बोटं धरून सरळ करते.

मध्यंतरी संस्कृती मॅडमनी सुचवलं, की मनातलं ओळखलं तरी सगळंच बोलून दाखवायचं नसतं, हेही मावशींनी एकदा घ्यावं. सुंदरम्माने दोन दिवस विचार केला.

“त्येवढं तुमीच शिकवा म्याडम,” तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. “मलाबी ते जमत न्हाई, मी पोरांत येऊन बसते.”