न टाकलेली उडी

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. मुलांना नाही, भावाला नाही. देवापुढंसुद्धा मी ती कधी शब्दांत काढली नाही—त्याला माहीतच असेल, असं म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही.

पाथर्डीत माझं कापडाचं दुकान आहे. आता थोरला बघतो. मापात मी कधी बोटभर कापड कमी दिलं नाही. भावकीची भांडणं मिटवायला लोक मला बोलावतात आणि मी बोललो की दोन्ही बाजू गप्प होतात. 'तात्या खोटं बोलायचे नाहीत,' म्हणतात. असं कुणी म्हणालं की मला तिथून उठून जावंसं वाटतं. पण उठत नाही. बसून राहतो, आणि मान खाली घालतो—लोकांना तो विनय वाटतो.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी कॉलेजात होतो, तिकडं संगमनेरच्या बाजूला. वसतिगृहात आमच्या खोलीत दोघंच. मी आणि वसंता. वसंता राहात्याकडचा—पाटाच्या पाण्यावरचा ऊस, पेरूची बाग, दारात बैलजोडी. मी पाथर्डीचा. आमच्याकडं उन्हाळ्यात विहिरीत पोहरा सोडला तर तो खाली दगडावर वाजायचा. पोरं मला 'कोरडवाहू' म्हणत. 'कोरडवाहू, आज अंघोळ केलीस का नुसता टॉवेल ओला केलास?' असलं काहीतरी रोज चाले. वसंताही म्हणे, पण तो मला म्हणायचा आणि वर घरून आलेल्या डब्यातलं अर्धं माझ्या ताटात घालायचा. त्याचा राग येत नसे. बाकीच्यांचा येई. लई येई.

भूगोलाच्या सरांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात फोटो पाहिले होते—डोंगरातल्या नदीत, फेसाळ पाण्यात, रबरी होडीत बसून माणसं खडकांमधून खाली चालली आहेत. सरांच्या डोक्यात ते बसलं. गणपती उठल्यावर त्यांनी आम्हा सहा जणांना कोतूळच्या वरच्या अंगाला नेलं, मुळा नदीवर. गॅरेजमधून मालट्रकच्या जुन्या ट्यूबा आणल्या होत्या. त्या फुगवून वर वेळूची कामटी आवळली, की झाला तराफा. तिथून खाली पाच-सात कोसांत रस्ता नाही. दोन्ही बाजूंना रान, करवंदीच्या जाळ्या, आणि मधून नदी. पाऊस नुकताच सरला होता, पाणी चढं होतं.

वाट दाखवायला कोंडाजीमामा. पावसाळ्यात लोकांना तराफ्यावरून पैलतीराला नेणारा माणूस, चाळिशीचा, काळा, रुंद, आणि तोंडाचा पट्टा कधी बंद नाही. मी एवढा बढाईखोर माणूस जन्मात पाहिला नाही. नवरा-नवरी वाजंत्र्यांसकट पुरातून पार केली म्हणे. व्यालेली म्हैस रेडकासह नेली म्हणे. 'मला इचारल्याबिगर या नदीला पूर येत न्हाई,' हे तर त्यानं सरांना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. आम्ही हसून हसून लोळलो. तोही हसला. मला तो आवडला होता, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

निघण्याआधी त्यानं आम्हाला काठावर उभं केलं. पोहता येतं त्यांनी एका अंगाला, येत नाही त्यांनी दुसऱ्या. येत नाही त्यांच्या पाठीला तो वाळका भोपळा बांधणार होता—तिकडं लहान पोरांना पोहायला शिकवताना बांधतात तसा. वसंता हसत हसत नाही म्हणणाऱ्यांत जाऊन उभा राहिला. पाटाच्या कडेला वाढलेला पोरगा, आणि पोहता येत नाही. नवसाचा एकुलता एक, आईनं कधी पाण्यात उतरूच दिलं नव्हतं. त्याला त्याची लाज वाटली नाही. ज्याच्याकडं पाणी असतं त्याला कसली लाज?

मी पोहता येणाऱ्यांत गेलो.

मामांनी मला खालवर पाहिलं. 'कुटं शिकला, दादा?' मी म्हणालो, विहिरीत. 'पाथर्डीच्या हिरीत? मंग पानी कुठून आनलं हुतं?' सगळे हसले. सरही हसले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता हे ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच ना? पोरवयातलं खोटं, कोण बोलत नाही? मीही पुष्कळ वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. पण थांबा. मी अजून त्या जागी पोचलो नाही. तिथं जायचं म्हटलं की माझी अशी टाळाटाळ होते.

दोर एकच होता. तराफ्याच्या मागच्या वेळूला पक्का बांधलेला, दुसरं टोक एकाच्या कमरेला. कुणी पाण्यात पडलं तर दोरवाल्यानं उडी टाकायची, पडलेल्याला कवळ घालायची, बाकीच्यांनी दोघांना ओढून घ्यायचं. मामा पुढं काठी घेऊन राहणार, कारण काठी सुटली तर तराफा खडकावर. संगमनेरचा एक दांडगा पोरगा होता, चांगला पट्टीचा पोहणारा. मामा दोर त्याच्याकडं देत होते. तो मी मागून घेतला. हात पुढं करून, सगळ्यांदेखत. मला द्या, म्हणालो. हसले होते ना सगळे.

पहिली दोन खळाळं आम्ही हसत-ओरडत पार केली. काय सांगू, असा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. तोंडावर पाणी उडतंय, खालून तराफा उचलला जातोय, आणि वसंता माझ्यापुढं बसून मागं वळून वळून मला काहीतरी ओरडून सांगतोय, ऐकू काहीच येत नाही. तिसऱ्या ठिकाणी नदी दोन खडकांमध्ये चिमटून एकदम वळत होती. तराफा आडवा झाला. मागची बाजू उचलली गेली आणि वसंता गेला.

तो लगेच वर आला. पाठीचा भोपळा खडकावर आपटून फुटला होता, पण काठाच्या उंबराची एक फांदी पाण्यात लोंबत होती, ती त्याला सापडली. ती दोन्ही हातांनी धरून तो लटकला. आम्हीही दोन खडकांच्या बेचक्यात अडकून जागच्या जागी थडथडत होतो. त्याच्यात आणि माझ्यात किती अंतर असेल? आमच्या दुकानाच्या दारापासून गल्ल्यापर्यंत. तो माझ्याकडं बघत होता. घाबरलेला नव्हता, हेच मला सहन होत नाही. कमरेला दोर असलेला त्याचा मित्र समोर होता, त्यानं कशाला घाबरावं?

पुढून मामा ओरडले, 'ए पाथर्डी, टाक उडी!'

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. पुढच्या पोरांच्या माना खाली होत्या, पाण्याचा आवाज कानठळ्या बसवत होता, त्यांना ते ऐकू गेलं नाही; पण मी मागं वसंताकडं तोंड करून कान टवकारूनच होतो. मामा दुसऱ्यांदा ओरडले. मी वेळू धरला. दोन्ही हातांनी धरला.

पोहता येत नव्हतं म्हणून? नाही. तेच तर सांगायचं आहे. पोहायची गरजच नव्हती. दोर होता. मी पाण्यात पडलो असतो आणि पाण्यानंच मला त्याच्याकडं नेलं असतं, फक्त हात घालायचा होता—आणि पाच जण ओढायला बसले होते. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत असूनही मी हललो नाही. मला मरायची भीती वाटली. वसंताच्या जिवापेक्षा मला माझा जीव प्यारा होता, त्याच्या डोळ्यांत बघत असताना प्यारा होता. बस.

शेवटी मामांनी काठी त्या दांडग्या पोराच्या हातात कोंबली आणि स्वतः उडी टाकली, दोर नसताना. ते पोचणार तोच वसंताचे हात सुटले. मामा त्याच्या मागं वाहत गेले. खाली बऱ्याच लांब ते एकटेच बाहेर पडले. कपाळ फुटलं होतं आणि ते वाळूवर हात आपटत होते. वसंता दुसऱ्या दिवशी खालच्या गावातल्या लोकांना मिळाला.

इथं थांबलो असतो तर मी नुसता भित्रा होतो. पुढचं ऐका.

आम्ही कसेबसे काठाला लागलो. सरांनी पोरं मोजली. त्यांनी माझ्या कमरेचा दोर पाहिला—कोरडा नव्हता, पण त्याची गुंडाळी तशीच होती—आणि विचारलं, तू का नाही गेलास रे? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघालं, 'मामा म्हणाले, थांब, मीच जातो.'

किती चपखल बसलं बघा. मामा गेलेच होते. स्वतःच गेले होते. सकाळपासून नदीला आपण हुकूम सोडतो म्हणून सांगणारा माणूस—त्यालाच मोठेपणा हवा होता, दोरवाल्या पोराला थांबवून हा शूरपणा करायला गेला, आणि त्यात वेळ गेला. कुणाला खोटं वाटणार? चौकशीला फौजदार आला, तेव्हा मामा चावडीत ओरडून ओरडून सांगत होते, मी दोनदा सांगितलं उडी टाक, मी दोनदा सांगितलं. फौजदारानं त्यांच्या कानाखाली वाजवली. 'म्हशी पार करतो ना रे तू?' म्हणाला. गावातले हसले नाहीत, पण कुणी पुढंही आलं नाही. मला फौजदारानं चहा पाजला. शिकणारा गरीब घरचा पोरगा, रडून डोळे लाल झालेले. ते रडणं खरं होतं. त्यामुळं खोटं आणखी पक्कं झालं.

मामांना तालुक्याला नेऊन काही दिवस ठेवलं आणि सोडलं. पण त्यांच्या तराफ्यावर पुन्हा कुणी पाय ठेवला नाही. हे मला त्या दांडग्या पोराकडून कळलं. मी 'अरेरे' म्हणालो.

वसंताची आई मला सोडीना. माझ्या लेकाच्या खोलीतला, त्याच्यासाठी दोर बांधून बसलेला, म्हणायची. दर दिवाळीला तिचं बोलावणं यायचं. मी गेलो नाही तर गडी पाठवायची. वसंताला आवडायची म्हणून शेवयांची खीर करायची, माझ्यापुढं वाटी ठेवायची आणि समोर बसून कोंडाजीला शिव्याशाप द्यायची. 'त्या मेल्याच्या घराला दिवा लागायचा न्हाई. माझं पोर तू आणलं असतंस रे, त्यानं तुला आडवलं.' मी खायचो. दुसरी वाटी घ्यायचो, नाहीतर ती रडायची. माझ्या लग्नात तिनं माझ्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. असं वर्षानुवर्षं चाललं. एकदा तरी, एकदा तरी त्या वाटीवरून मी मान वर करून म्हणायला नको होतं का, की आई, त्या माणसाला शिव्या देऊ नका?

ती गेली. तिचे दिवस झाले आणि मी कोतूळची गाडी धरली. आता तिला दुखवायची भीती उरली नव्हती, म्हणून धीर झाला—म्हणजे तोही धीर नव्हेच. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. मामा, तुम्ही दोनदा ओरडला होतात. एवढंच म्हणायचं ठरवलं. पुढचं आपोआप निघेल.

मामा पडवीत बसले होते. म्हातारे, आटलेले, नजर अधू. सून म्हणाली, मामंजी कुणाशी बोलत न्हाईत, पहिल्यापासून अबोल हायत. पहिल्यापासून. मी जवळ बसून म्हणालो, मामा, मी पाथर्डीचा. त्यांनी चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आणला. मग माझा हात चाचपून धरला.

'दादा, तुमी आलात, बरं झालं,' म्हणाले. 'चावडीत मी तुमास्नी खोट्यात काडलं. उडी टाक म्हनलो म्हनून वरडत हुतो. मला तसंच वाटत हुतं, आई शप्पत. पन मागनं इचार केला. गरिबाचं शिकलेलं पोर, ते कशापायी खोटं बोलंल? त्याचा तर दोस्त हुता. मंग हळूहळू मला आठवाया लागलं. मीच थांब म्हनलो. मला मोठेपनाची लई हौस हुती. माझ्या तोंडानं घात केला त्या लेकराचा.'

आणि ते वाकले. त्यांनी माझे पाय धरले.

मी काय बोललो, सांगतो. 'झालं ते झालं, मामा,' मी बोललो. 'माझ्या मनात काही नाही.'

ते लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसून त्यांनी सुनेला बाहेर बोलावलं आणि तिला म्हणाले, ह्येंनी मला माफ केलं. सून चहाचा कप घेऊन दारात उभी होती. खरं का, म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.