दोषाचा रकाना

शाळेचा मिस्त्री माणूस सरळ, आणि त्याचे बाक त्याच्याहून सरळ. खिशात कायम पाणसळ, म्हणजे ती काचेतल्या बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा मधोमध थांबला की मिस्त्रीचा जीव भांड्यात पडायचा. शाळेतले बाक, फळे, दारं, जिन्याचे कठडे, सगळं त्याच्या हातचं. बावीस वर्षांत आपला एकही बाक डुगडुगला नाही, ही गोष्ट तो कुणी न विचारता सांगत असे.

त्यामुळे दुरुस्तीच्या वहीत ‘पहिलीचा वर्ग, चौथा बाक. दोष: मुलीला पाडतो’ अशी नोंद आली, तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही वही हेडसरांचं लाडकं अपत्य. तारीख, वस्तू, दोष, उपाय, सही असे पाच रकाने. शाळेत काहीही बिनसलं की ते वहीत गेलंच पाहिजे. मूल पडलं तरी तेही त्याच वहीत, कारण पडलेल्या मुलांसाठी वेगळी वही नव्हती. आणि मूल काही वस्तू नाही, तेव्हा ते ज्यावरून पडलं त्याचं नाव लिहायचं, असा हेडसरांचा दंडक होता.

मिस्त्रीनं बाक तपासला. बुडबुडा मधोमध. तरी नोंद आहे म्हटल्यावर उपाय हवा, म्हणून त्यानं बाकाचे पाय अर्धा इंच कापले. दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा पडली. पुन्हा कापले. असं करत करत तो बाक बाकीच्यांपेक्षा दोन इंच बुटका झाला, आणि एका वर्गात दोन उंच्या हेडसरांना खपत नसत. मग उरलेले एकोणीस बाकही कापले. महिनाभरात पहिलीचा अख्खा वर्ग जमिनीकडे निघाला. वह्या तपासायला वर्गबाईंना ओणवं व्हावं लागे. त्यांची कंबर धरली, तेव्हा कंबर वस्तू आहे की नाही यावर ऑफिसात अर्धा तास खल झाला.

मुलगी मात्र पडतच राहिली. सहा वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची, डावा बूट उजव्या पायात, गुडघ्यांवर बारमाही खपल्या. वर्गातली पोरं तिला धडाम म्हणत. तिच्या पायी वही भरून वाहू लागली. ‘दाराची चौकट: खांद्याला लागते.’ मिस्त्रीनं रंधा मारून चौकटीच्या कडा गोल केल्या. ‘जिन्याची तिसरी पायरी: ठेच लावते.’ पायरीला पिवळा पट्टा मारला, तर ठेच चौथ्या पायरीवर गेली. ‘चेंडू: हातात थांबत नाही. मिस्त्रींनी पाहावे.’ मिस्त्रीनं चेंडू पाहिला आणि उपायाच्या रकान्यात लिहिलं, ‘गोल आहे.’ मग आलं ‘स्वेटरचे बटण: भोकात जात नाही’, आणि त्यामागोमाग ‘पेन्सिल: कागद फाडते’. पेन्सिलीला पाणसळ कुठे लावायची हे काही त्याला सुचेना.

घरी आला की तो धाकट्या बहिणीपुढे चरफडायचा. घरात ती दोघंच. ती सगळं ऐकून घ्यायची आणि अर्धा कप चहा पुढे सरकवायची. तिचा चहा कायम अर्धा. लहानपणी तिच्या हातून पाणी, दूध, शाई, काही ना काही सांडायचंच, म्हणून मिस्त्रीनं तिचं नाव ठेवलं होतं सांडलवंड. आई त्या नावानं ओरडायची, वडील त्या नावानं मारायचे. आता ती पन्नाशीला आली, तरी आपण ठेवलेलं नाव किती चपखल होतं याचं त्याला अजून कौतुक होतं.

“अगं सांडलवंडे, एकदा तरी कप भरून दे,” तो म्हणायचा.

“दोनदा अर्धा घे, दादा. पोटात जाऊन एकच होतो,” ती म्हणायची.

वही संपायला आली तसे हेडसर वैतागले. “मिस्त्री, शनिवारी मुलीच्या आईला बोलावलंय. एकदाचा सोक्षमोक्ष लावू. सामानात दोष नाही अशी तुम्ही सही करा. मग दोष मुलीचा. मुद्दाम करते, नाहीतर आळशी आहे. तिला परत बालवर्गात बसवू.”

“आणि सामानात दोष आहे असं लिहिलं तर?”

“तर नवा मिस्त्री बघू.”

सही करायला मिस्त्री एका पायावर तयार होता. पण खातरजमा केल्याशिवाय सही करेल तर तो मिस्त्री कसला! शुक्रवारी तो दिवसभर पहिलीच्या वर्गात मागे बसला, बाकावर डोळा ठेवायला. मुलगी त्याच्या खात्यात येत नव्हती.

पण बाकावर ती बसलेली, तेव्हा दिसलीच. तिनं दोन्ही पाय बाकाच्या पायाला वेटोळे घालून अडकवले होते. डाव्या हातानं फळीची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. बाईंनी पाढा विचारला, तर सगळ्यांच्या आधी उत्तर तिचं. मग बाई म्हणाल्या, लिहा. उजव्या हातानं ती लिहायला लागली तसा कागद सरकला. कागद धरायला तिनं डावा हात सोडला, आणि धडाम!

बसणं आणि लिहिणं, तिला एका वेळी एकच जमत होतं. मिस्त्रीनं सवयीनं पाणसळ काढली आणि मुकाट्यानं परत खिशात ठेवली.

मधल्या सुट्टीत ती नळापाशी बाटली घेऊन उभी होती. मिस्त्रीनं बाटली काठोकाठ भरून दिली. तिनं ती दोन्ही हातांनी तिरकी केली आणि अर्धं पाणी ओतून दिलं.

“का गं ओतलंस?”

“पूर्ण भरली की सांडते, काका. सांडली की वहीत लिहितात.”

मिस्त्रीच्या हाताखालचा नळ वाहतच राहिला. अर्धी बाटली, अर्धा कप. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

शनिवारी सगळे पहिलीच्या वर्गातच बसले. बाक इतके बुटके की हेडसरांचे गुडघे हनुवटीला लागत होते. मुलीची आई मान खाली घालून बसली होती.

“सामानात दोष नाही,” मिस्त्री म्हणाला. हेडसरांनी खूश होऊन पेन उघडलं. “मुलीतही नाही.”

पेन थांबलं. “मग पडतं कोण?”

“तीच पडते. पण सर, आपण बसतो तेव्हा तोल आपला आपण राहतो. तिला तो दर घडीला धरून ठेवावा लागतो. वर लिहायचं, ऐकायचं, पाढे म्हणायचे. आळशी पोर इतकं करेल का हो?”

आईनं मान वर केली. “ती शाळेच्या तासभर आधी उठते. बटणांसाठी. मी लावू का म्हटलं तर रडते.”

वर्गबाई हळूच म्हणाल्या, “मुलांच्या अशा हालचाली तपासणारे डॉक्टर असतात. सराव करून घेतात, पुष्कळ फरक पडतो. प्रशिक्षणात सांगितलं होतं. दुपारचं सत्र होतं, मला जरा डुलकी लागलेली. आणि वहीत तर सगळं वस्तूंबद्दलच होतं...”

“ते ठीक आहे, पण दोषाचा रकाना रिकामा सोडता येत नाही,” हेडसर अगतिक होऊन म्हणाले.

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली आणि वही ओढून घेतली. वस्तू: आम्ही. दोष: वर्षभर मुलगी सोडून सगळं तपासलं. उपाय: डॉक्टरांना दाखवणे, पायांखाली फळी, कागद अडवायला पट्टी, ओरडणे बंद, वर्ग पहिलीच. खाली सही.

हेडसरांनी दोनदा वाचलं. “‘आम्ही’ ही वस्तू होते का?” त्यांनी विचारलं. आणि मग त्यांनीही खाली सही ठोकली. मग गुडघ्यांतून उठता येईना म्हणून मिस्त्रीनं त्यांना हात दिला.

संध्याकाळी मिस्त्रीनं बहिणीला सगळं सांगितलं. तिनं नेहमीसारखा अर्धा कप पुढे ठेवला.

“म्हणजे ती मुद्दाम नव्हती करत,” ती म्हणाली.

“नाही गं.”

“मग मीही नसेन करत, नाही का दादा? सगळे म्हणायचे, म्हणून मला वाटायचं, करत असेन.”

मिस्त्रीला बोलायचं होतं. नाव मी ठेवलं, चुकलं माझं, असं काहीतरी. त्यानं तिच्याकडे बघतच कप उचलला, तो कलंडला आणि चहा कपड्यांवर, टेबलावर, सगळीकडे झाला.

बहिणीनं फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागली.

“असू दे रे,” ती म्हणाली. “मी वहीत नाही लिहीत.”