चादरीतली लाट

गच्चीवर वाळलेली चादर घडी घालण्याआधी मी झटकली. समोरची टोकं सासूबाईंच्या हातात होती. माझ्या हातून निघालेली लाट चादरीतून सरसरत गेली आणि त्यांच्या बोटांतून टोकं सुटली.

"हळू गं," त्या म्हणाल्या, "खांदा दुखतोय माझा."

सकाळीच मी नववीच्या वर्गात दोरी हलवून तरंगाचा आयाम, म्हणजे लाटेची उंची, शिकवला होता. दोरी पुढे जात नाही, पुढे जातो तो आपला जोर. जोर जितका जास्त, तितकी लाट उंच. ही उंची मधल्या शांत रेषेपासून मोजायची, हे तीनदा बजावलं होतं. फळ्यावर ती रेषा खडूने आखता येते. घरात कुठून आखायची?

चादरीवर धुळीचा कणही नव्हता. दुपारी मुख्याध्यापिका चारचौघांत मला बोलल्या, तेव्हा मी हूं की चूं केलं नव्हतं. तो सगळा जोर जपून घरी आणला आणि एका दुखऱ्या खांद्यापर्यंत पोचवला.

सासूबाईंनी टोकं उचलली, मुठीत घट्ट धरली, डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "हं, झटक आता."