टाकीचा उपास

सोनबा आबा मूळचे निरवांगीचे. मेंढरं विकून बारामतीजवळच्या आमच्या वायनरीत टाक्या सांभाळायला आले, पण मेंढरं काही त्यांच्या डोक्यातून गेली नाहीत. द्राक्षाचा रस आंबायला लागला की टाकीला कान लावायचे, आतली चुळबुळ ऐकायचे आणि खुशीत म्हणायचे, "चरतीय." मी तिथली लॅब बघते. मला हसू यायचं.

बायको गेल्यापासून आबा वायनरीमागच्या खोलीत एकटेच राहतात. मुलगी स्वराली पुण्यात नोकरीला. आई गेल्यावर ती आली की चिडचिड करायची, भांडी आपटायची. आबांनी ठरवून टाकलं, पोरीचे लाड जास्त झाले. बोलणंच सोडलं. मग तीही यायची थांबली. दोघं एकापेक्षा एक हट्टी! खोलीत ताटं दोन आहेत, त्यातलं एक कधी खरकटं होत नाही. मला ते बघवत नाही.

यंदा ऐन हंगामात मी चुलतबहिणीच्या लग्नाला गेले. रस आंबवणाऱ्या यीस्टला रोज खुराक घालायचं आबांना बजावून गेले होते. परत येते तर टाकीजवळ नासक्या अंड्याचा वास, आणि आतली चुळबुळ बंद.

"आबा, खुराक घातला ना?"

"बंद केला, वैदेहीताई. वास सुटला न्हवं. वला चारा जादा झाला की मेंढरू असंच घाण मारतं. उपास घडवला की पोट ताळ्यावर येतं."

मी कपाळावर हात मारला. "अहो, ते अपचन नव्हतं! खुराक पुरला नाही, यीस्ट उपाशी पडलं की असाच वास सुटतो."

"भुकेनं?" आबांचा चेहरा उतरला. "मग आत्ता घालतू की."

"आता नाही घेणार ते. आत अल्कोहोल वाढलं की त्याला खुराक घेता येत नाही. वेळ गेली, आबा."

मी अजून बरंच बोलणार होते, इतकी भडकले होते. पण आबा द्राक्षाच्या क्रेटवर मटकन बसले.

"म्हंजी पोरगीबी भुकेलीच व्हती का, ताई?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांनी खिशातून फोन काढला आणि उठून स्वरालीला लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आबा? काय झालं?"

"काय न्हाय. जेवलीस का?"

ती म्हणाली, "जेवले. ठेवू?"

"ठेव."

फोन बंद झाला. टाकीला कान लावायचे तसा तो कानाशी धरून आबा बराच वेळ उभे होते.