दोन होड्यांची एक होडी

माझी मैत्रीण वेसाव्याची कोळीण. तिच्याकडून मी वीसेक वर्षं मासळी घेते आहे आणि त्यातली पहिली दोन-तीन वर्षं आम्ही नुसत्या भांडलो. मी मालवणकडची, कल्ले उघडून बघितल्याशिवाय पापलेटाला हात लावत नाही. एकदा भर बाजारात तिनं विचारलं, "नवरा पण असाच तपासून घेतलास काय गं?" मी म्हटलं, "नाही ना, म्हणून तर मासळी तपासते." शेजारच्या चार कोळणी हसल्या, तीही हसली, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात पॅटर्न करायचे. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तो लाकडात हुबेहूब घडवायचा, वाळूत त्याचा ठसा घ्यायचा आणि मग त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं, असं ते काम. बाई म्हणून मला आधी ड्रॉइंगच्या टेबलाशी बसवलं होतं. रंधा मी भांडून हातात घेतला आणि पुढे कोणाला तो परत मागायची हिंमत झाली नाही. मग ते काम कॉम्प्युटरवर गेलं आणि मी अंधेरीच्या घरी आले. घासलेली भांडी पुन्हा घासायची, नवऱ्याच्या कपाटातले नीट लावलेले कपडे पुन्हा लावायचे, असे माझे उद्योग सुरू झाले. हाताला काम नसलं की माझं डोकं फिरतं, आणि त्या दिवसांत ते सारखं फिरलेलं असायचं.

मैत्रिणीचा नवरा काही वर्षांपूर्वी गेला. खोल समुद्रात जाळं ओढताना बोटीवरच छातीत कळ आली आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत सगळं संपलं होतं. बोट दिरानं चालवायला घेतली. ही महिन्याभरात परत टोपलीमागे येऊन बसली.

एका दुपारी तिनं मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा देशात एक जोडपं घराच्या मागं शिडाचं कॅटमरान बांधत होतं. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, मध्ये आडव्या तुळया, वर फळ्या आणि एक शीड.

"हे आपण करायचं," ती म्हणाली.

"कशाला?"

"मला बाहेर जायचंय. लग्न करून आले तेव्हापासून त्याची बोट जाताना बघितली, येताना बघितली. मधलं कायच बघितलं नाय."

कोळ्यांत बाई बोटीवर मासेमारीला जात नाही, हे वेसाव्यात कुणाला सांगावं लागत नाही. नारळी पौर्णिमेला सजवलेल्या बोटीत मिरवायचं, मढच्या फेरीबोटीत बसायचं, झालं. मैत्रिणीचं माहेर मनोरीचं. लग्नाआधी बापाच्या शिडाच्या होडीत ती सुकाणू धरायची, पण तेही खाडीपुरतं. खाडीच्या तोंडाशी आलं की बाप तिच्या हातातून सुकाणू काढून घ्यायचा आणि होडी माघारी वळवायचा.

"दिराच्या बोटीत बसून जा की एकदा," मी म्हटलं.

"त्याच्या बोटीत मी सामान. मला चालवायची हाय."

हे मला वेगळं सांगायला नको होतं. रंधा भांडून घेतलेली बाई मी.

अडचण एकच होती, तिची सासू. ऐंशीकडे झुकलेली, ताठ, कमी बोलणारी. आम्ही काय करणार आहोत ते मैत्रिणीनं तिला सांगितलं, तेव्हा तिनं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. उठली आणि चुलीपाशी गेली. मैत्रीण मला म्हणाली, "होडी करू. पण आये नको बोलली तर मी नाय जाणार. माझा नुसता नवरा गेलाय, तिचा पोरगा गेलाय." म्हणजे राबायचं आम्ही दोघींनी आणि होडी पाण्यात जायची की नाही ते ठरवायचं म्हातारीनं. मला हे मुळीच पटलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी मी हत्यारांची पेटी घेऊन हजर झाले.

घरामागच्या अंगणात, बोंबील वाळायच्या काठ्यांखाली आम्ही काम मांडलं. नकाशा मी मोठ्या कागदावर उतरवला. साकीनाक्याच्या ओळखीच्या वखारीतून पाण्यात टिकणारं प्लायवूड आलं. मी कापायचे, ती शिवायची. अक्षरशः शिवायची: फळ्यांच्या कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेनं टाके घालायचे, मग सांध्यांवर इपॉक्सी, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा गोंद, भरायची. जाळी विणलेल्या हातांना ते टाके काय जड! मी एक ओळ कापेपर्यंत तिची शिवून व्हायची आणि वर "मॅडम, झोप लागली काय?" असं ऐकायला मिळायचं. सासू मागच्या दारात बसून सुकट निवडायची. आमच्याकडे बघायचीही नाही.

पहिली होडी आम्ही तिच्या घरातल्या टेपनं आखली होती. दुसरीच्या वेळी टेप काही सापडेना, म्हणून मी माझ्या पेटीतली पट्टी काढली. तीस वर्षं हातात घोळलेली पट्टी, तिच्यावर शंका कोण घेतं? आता, ओतलेलं लोखंड थंड होताना आखडतं. म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी मुद्दाम थोडी मोठी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून केसभर जास्त. हे मला झोपेतही ठाऊक आहे. फक्त त्या दिवशी जागेपणी आठवलं नाही. दोन्ही होड्या शेजारी ठेवल्या तेव्हा दुसरी चांगली दोन बोटं लांब निघाली.

कारण कळल्यावर मैत्रीण जमिनीवरच बसली. "लाकूड गार झाल्यावर आखडेल असं वाटलं काय गं तुला?"

मी तिरमिरीत करवत उचलली. दुसरी होडी मोडते आणि पुन्हा करते म्हणाले. तिनं माझ्या हातातून करवत काढून घेतली. "राहू दे, यार. जोडी कधी कोणाची सारखी असते? चालते ना?" मागच्या दारातून कसलासा आवाज आला म्हणून वळून बघितलं, तर म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती. इतक्या महिन्यांत तिनं आमच्या कामाची घेतलेली ही पहिली दखल. माझ्या चुकीचं मला त्या क्षणी भारी कौतुक वाटलं.

त्या अंगणाचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मी मैत्रिणीला कधी तोंडावर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं चेष्टा केली असती. इथं लिहिते. मी संपले आहे असं मला वाटत होतं, आणि तिनं माझ्यापुढे प्लायवूड टाकून "काप" म्हटलं. रात्री अंगाला बोंबलाचा आणि इपॉक्सीचा वास घेऊन मी घरी जायचे, आणि नवरा सांगतो की त्या काळात मी घरात गुणगुणायला लागले होते.

थंडीत, समुद्र निवांत असताना, होडी किनाऱ्यावर नेली. तुळया दोरांनी आवळून बांधल्या, डोलकाठी उभी केली. दिरानं नारळ फोडला, दोन्ही होड्यांच्या नाळींना, म्हणजे पुढच्या टोकांना, हळदकुंकू लावलं. तो स्वतःची बोट घेऊन बरोबर राहणार होता. आळीतले लोक जमले होते. काहीजण कौतुकानं आले होते, काही तमाशा बघायला. सासू नातीचा, दिराच्या मुलीचा, हात धरून हळूहळू आली आणि जरा लांबच उभी राहिली.

भरती आली. होडी तरंगायला लागली. मी आधीच वर चढले होते. मैत्रीण गुडघाभर पाण्यात उभी राहून सासूकडे बघत होती.

"आये, जाव?"

म्हातारी नुसती होडीकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं, बाई, काहीतरी बोल, नाही तर नाही म्हण, पण बोल.

तिनं नातीचा हात सोडला. लुगडं वर खोचलं. पाण्यात उतरली, होडीपर्यंत आली आणि मला म्हणाली, "हात दे गो."

"मावशी, तुम्ही?"

"माझा पोर कनचे वाटेनं जायचा, ता मना कोनी दाखवला नाय. मना बी बघायचा हाय."

आम्ही दोघींनी तिला वर घेतलं. दिरानं आपलं लाइफ जॅकेट काढून तिच्या लुगड्यावर चढवलं. तोही तिला उतर म्हणाला नाही. मी शीड चढवलं, मैत्रिणीनं सुकाणू धरलं आणि होडी खाडीतून पुढे सरकली. किनाऱ्यावरचं कुणी काही ओरडलं असेल तर ते आम्हाला ऐकू आलं नाही.

खाडीचं तोंड आलं. लाटा मोठ्या झाल्या, पाण्याचा रंग बदलला. मैत्रिणीनं समोर बोट दाखवलं. "आये, इथून. इथूनच जायचा तो." तिचे खांदे हलायला लागले, सुकाणूवरचा हात सैल पडला, होडी वाऱ्याकडे वळायला लागली आणि शीड फडफडलं.

म्हातारी समोर बघत होती. तिनं मान वळवली नाही. मागं हात नेऊन तिनं सुनेच्या हातावर आपला हात दाबून धरला.

"सुकानू सोरू नको," ती म्हणाली. "अजून लांब जायचा हाय."